नागावात लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा: करावं की नको?

वाडीतली | ६ ऑक्टोबर

मंडळी, घरात पंधरा दिवस एकाच विषयावर वाद चाललाय, म्हणून तुमच्यापुढे मांडते.

अलिबागजवळ नागावला आमची वाडी आहे, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. चार खोल्या पाहुण्यांना देतो आणि आई जेवण करते. सुरमई, पापलेट, मिळाली तर मोरी, तांदळाची भाकरी, सोलकढी. अकरा वर्षं हेच चालू आहे. आता धाकटा भाऊ पुण्याची हॉटेलातली नोकरी सोडून परत आलाय. वाडीच्या रस्त्याकडच्या तुकड्यात त्याला लाकडाच्या भट्टीवरचा पिझ्झा सुरू करायचा आहे. शुक्रवार ते रविवार, फक्त संध्याकाळी, सहा-सात टेबलं.

हा तुकडा म्हणजे २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग वादळात आमच्या साठ पोफळी आणि एकोणीस माड जिथे आडवे झाले तो. त्या दिवसापासून आईने तिथे काही लावलेलं नाही. नुसतं गवत वाढतंय.

आई म्हणते, "लोक आपल्या हातचं खायला येतात. मैदा काय त्यांना मुंबईत मिळत नाही?" भाऊ म्हणतो, "दोन रात्री राहणारा माणूस चौथ्या जेवणाला काय मागतो ते तूच आठव." माझं मत आधीच सांगून टाकते: मला भट्टी हवी आहे. त्या जागेत पुन्हा काहीतरी उभं राहिलेलं मला बघायचंय. पण लाकूड कुठलं, भट्टी कोण बांधणार, पावसाळ्यात काय करायचं, यातलं आम्हाला काही कळत नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा. विरोध असेल तर तोही सांगा.

दर्यावर्दी | ६ ऑक्टोबर

चालेल. शनिवारी संध्याकाळी नागावात पाय ठेवायला जागा नसते आणि साडेनऊनंतर जेवण मिळत नाही. बाकीचं जाणकार सांगतील.

सुपारीबाग | ६ ऑक्टोबर

माझा विरोध आहे, आणि का ते नीट सांगतो.

मी अक्षीचा. आमच्या समोरच्या वाडीत सुपारी वाळत घालायचं खळं होतं. तिथे आता गाड्या लागतात. शेजारी पोहण्याचा तलाव झाला, त्यानंतर आमच्या विहिरीचं पाणी एप्रिललाच मचूळ व्हायला लागलं. पूर्वी मे अखेरपर्यंत गोड असायचं. रात्री एक-दीडपर्यंत गाणी. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत, कान झाकून झोपतात.

पिझ्झावर माझा राग नाही, माझी नातवंडंही खातात. पण एकेक वाडी अशीच रस्त्याकडे तोंड फिरवत गेली, तर अष्टागरात, म्हणजे आपल्या या अलिबागच्या किनारपट्टीत, आगर म्हणून काय उरणार? तुमच्या साठ पोफळी गेल्या, मलाही वाईट वाटतं, आमच्याही गेल्या. आम्ही त्याच वर्षी रोपं लावली. आता ती डोक्याच्या वर गेलीत. तुम्हीही तेच करा.

शाकाहारी_पाहुणी | ६ ऑक्टोबर

माझी बाजू कोणी मांडणार नाही, म्हणून लिहिते. आम्ही घरातले सहा जण शाकाहारी. अलिबाग परिसरात गेली कित्येक वर्षं येतोय आणि प्रत्येक वेळी डाळ, भात, बटाट्याची भाजी, कोबीची भाजी, पुन्हा डाळ. यजमान मनापासून वाढतात, तक्रार नाही. पण मासे खाणाऱ्यांच्या घरात शाकाहारी पान हे नेहमी उरलंसुरलं असतं. साधा टोमॅटो, चीज, तुळशीसारख्या पानांचा गरम पिझ्झा मिळाला तर आम्ही दोन रात्रींच्या तीन करू.

भट्टीवाला | ६ ऑक्टोबर

आमची तीन पिढ्यांची बेकरी आहे, रायगडातच. पाव, बटर, खारी, नानकटाई. लाकडाच्या भट्टीपुढे मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून उभा आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पावाची भट्टी आणि पिझ्झाची भट्टी दिसायला सख्ख्या बहिणी, पण चालतात वेगळ्या. पावाची भट्टी आम्ही आदल्या संध्याकाळी पेटवतो. लाकूड आतल्या फरशीवरच जळतं. निखारे झाले की बाहेर ओढायचे, बांबूला बांधलेलं ओलं पोतं फरशीवरून फिरवायचं, तोंड बंद करून ऊब सगळीकडे सारखी बसू द्यायची आणि मग पाव आत. म्हणजे पाव भाजला जातो तेव्हा जाळ नसतो. विटांनी जी ऊब पिऊन ठेवलेली असते तिच्यावर तो भाजतो.

पिझ्झाला जाळ आतच लागतो, एका कडेला. ज्वाळा घुमटाला चाटत पलीकडच्या बाजूला उतरली पाहिजे. खालून फरशी भाजते, वरून घुमटाची धग येते, मधून गरम हवा फिरते. तिन्ही जुळलं तर मिनिट-दीड मिनिटात काम होतं. फरशी थंड असेल तर वर करपतो आणि खाली पीठ कच्चं राहतं.

भट्टी तयार झाली हे ओळखायला महागडा काटा नसला तरी चालतो. पेटवल्यावर घुमट काजळीने काळा होतो. जाळ वाढत गेला की ती काजळीच जळून जाते आणि विटा परत पांढऱ्या दिसायला लागतात. घुमट पांढरा झाला म्हणजे वरची तयारी झाली. फरशीसाठी चिमूटभर मैदा टाका. चार-पाच सेकंदांत तांबूस झाला तर ठीक, लगेच काळा झाला तर थांबा आणि ओलं फडकं फिरवा.

बांधणाऱ्याला तीन गोष्टी बजावून सांगा. आत भट्टीची वीटच वापरायची, घरबांधणीची वीट तडकते. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवायची, म्हणजे घुमट सोळा इंच असेल तर तोंड दहा इंच. जास्त ठेवलं तर ऊब बाहेर पळते, कमी ठेवलं तर जाळ गुदमरतो. आणि धुराडं साध्या पत्र्याचं नको, खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत त्याची चाळण होते.

कोपऱ्यातला_वाचक | ६ ऑक्टोबर

भट्टीवाले, प्रतिसाद जपून ठेवलाय. घुमट पांढरा होतो ही गोष्ट आजवर कुठे वाचली नव्हती.

वाडीतली | ७ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. भट्टीवाल्यांचा प्रतिसाद भावाने दोनदा वाचला आणि नंतर आईला मोठ्याने वाचून दाखवला. आई म्हणाली, "पोत्याचं ठाऊक आहे मला. आमच्या माहेरी चुलीपुढची फरशी अशीच पुसायचो." बाकी काही बोलली नाही, पण ऐकलं सगळं.

सुपारीबाग, तुमचं म्हणणं लागलं. पोहण्याचा तलाव नाही, गाणी नाहीत, दहाला बंद, हे तिघांनाही मान्य आहे. वर झावळ्यांचा मांडव असेल. गाड्यांचं मात्र आम्ही खरंच अजून ठरवलेलं नाही.

रोरोप्रवासी | ७ ऑक्टोबर

एक महत्त्वाची गोष्ट सुटतेय. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या इंधनावर जायला सांगितलं. कारण हवा. तो आदेश मुंबईपुरता आहे, नागावला लागू नाही. पण वारं कुठल्या दिशेने आहे ते बघूनच पैसे घाला. लाकूड आणि गॅस दोन्हींवर चालणारी भट्टी करता येते. सुरुवातीलाच गॅसच्या नळीसाठी जागा ठेवा.

दुसरं, किनारा नियमन. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ती पट्टी ५० मीटर केली. सात-आठ मिनिटं चालत म्हणजे तुम्ही बरेच आत असाल, तरी ग्रामपंचायतीत नकाशा बघून घ्या. भट्टी हे बांधकामच धरतात. खाद्यपदार्थांचा परवाना आईच्या जेवणाचा असेलच, त्यात हेही दाखवून घ्या.

माडावरून | ७ ऑक्टोबर

माझी चिंता लाकडाची आहे. किनाऱ्यावरचं सुरूचं बन आधीच निसर्ग वादळाने विरळ केलंय. सुरूचं लाकूड जड, जाळ कडक, भट्टीवाल्यांचं आवडतं. पण किनाऱ्यावरचं बन सरकारी आहे आणि आपल्या गावाची वाळू त्यानेच धरून ठेवलीय. खाडीतल्या कांदळवनाला तर हातही लावायचा नाही. ती तोड गुन्हा आहे. कोणी स्वस्तात ओंडके आणून टाकले, तर कुठून आणले ते विचारा.

भट्टीवाला | ७ ऑक्टोबर

माडावरून यांना पूर्ण अनुमोदन. मी स्वतः आंब्याचं आणि खासगी लागवडीतल्या सुरूचं घेतो, पावती घेऊनच. वाडीत काय उपयोगी पडेल ते सांगतो.

करवंटी उत्तम. जाळ झपकन वर नेते, घाईच्या वेळी दोन मुठी टाकल्या की घुमट तापतो. पण टिकत नाही, म्हणून तिच्यावर भट्टी चालत नाही. नारळाची सोडणं धूर करतात, ती फक्त पेटवणीला. पोफळीचं खोड कामाचं नाही, गवतासारखं जळून जातं. छाटलेल्या आंब्याच्या, चिंचेच्या फांद्या मनगटाएवढ्या जाडीच्या फोडून ठेवा. रंग दिलेलं, पॉलिश केलेलं, प्लायचं लाकूड अजिबात नको. जाळ अन्नाच्या शेजारी आहे हे लक्षात असू द्या.

आणि लाकूड सुकं हवं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळवण्यात सगळी शक्ती घालवतं आणि तो पांढरा दाट धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो. फोडून, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या ठेवून सहा महिने वाळवलं पाहिजे. आगोटीची बेगमी करता ना, मीठमसाला, सुकी मासळी? त्यातच वर्षाचं लाकूड धरा.

नापोलीत_सध्या | ७ ऑक्टोबर

मी अभ्यासासाठी तीन वर्षं नापोलीत आहे. मूळची दापोलीची, आई गमतीने म्हणते की फक्त एक अक्षर बदललं. :)

आमच्या घराखाली पिझ्झाचं जुनं दुकान आहे. रोज येता-जाता पाच मिनिटं उभी राहते. पीठ पसरवणारा माणूस लाटणं वापरत नाही. गोळ्याच्या मधोमध बोटांची टोकं दाबून हवा कडेकडे ढकलतो, मग एका हाताने धरून दुसऱ्याने ओढत उलटंपालटं करतो. कडेची हवा शाबूत राहते, म्हणून कड फुगते. दुसरा माणूस फक्त भट्टीचा. त्याच्याकडे लांब दांड्याची छोटी गोल चकती असते. पिझ्झा आत गेला की तो नजर हलवत नाही. जाळाकडची बाजू फुगली की चकती खाली सारून अर्धा वळसा देतो. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत पिझ्झा उचलून घुमटाजवळ धरतो. किती तापमान विचारलं तर हसतो. इथल्या कारागिरांच्या संघटनेने १९८४ साली नियम लिहून काढले, त्यात ४३०-४८५ अंश सेल्सिअस आणि ६० ते ९० सेकंद असं आहे. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बस. तेल नाही, साखर नाही. २०१७ साली युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं तेही पिझ्झ्याला नाही, तो करणाऱ्यांच्या कलेला घेतलं. मला ते फार योग्य वाटतं.

तुमच्या भावाला एक इशारा. नापोलीचा पिझ्झा मधोमध ओलसर, मऊ असतो, तुकडा उचलला की टोक लोंबतं. माझे काका-काकू आले होते, काकूंनी पहिला घास घेऊन "हा कच्चा राहिलाय गं" म्हणून बाजूला ठेवला. आपल्या लोकांना खालची बाजू खुसखुशीत लागते. भट्टी थोडी कमी, साडेतीनशेच्या आसपास ठेवून तीनेक मिनिटं भाजलात तर नागावच्या पाहुण्यांना जास्त आवडेल. नियमात बसणार नाही, पण खाणारा जिंकला पाहिजे.

खारा_वारा | ८ ऑक्टोबर

मुख्य प्रश्नाकडे या: वर काय घालणार? माझं मत मांदेली! परदेशात पिझ्झ्यावर खारवलेले बारीक मासे घालतात ना, ते अँचोव्ही. आपली मांदेली त्याच कुळातली. कुरकुरीत तळून वरून टाकायची, लिंबू पिळायचं.

गुळपोळी | ८ ऑक्टोबर

चीजवर मासे? नको हो.

खारा_वारा | ८ ऑक्टोबर

चीज वगळा मग. नुसता टोमॅटो, लसूण, तेल. नापोलीताई, असा असतो ना?

नापोलीत_सध्या | ८ ऑक्टोबर

असतो. मारिनारा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. खलाशांवरून नाव पडलं, पण मासा त्यात नसतो. मांदेली मात्र त्यावर शोभेल. मला आत्ता इथे बसून तोंडाला पाणी सुटलंय.

आगरी_पोर | ८ ऑक्टोबर

जवला टाका जवला. आन थंडीन त्याच भट्टीन पोपटी लावा, मंग बगा कशी लाईन लागतंय.

दर्यावर्दी | ८ ऑक्टोबर

पोपटी! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोणी कोंबडी घालतं, ओवा-मीठ, पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या वाफेवर शिजतं. हा उद्योग आमच्याकडे पिढ्यानपिढ्या शेताच्या बांधावर चालतो. जाळ किती वेळ, किती जोरात, हे अंगाला कळलेली माणसं या गावात आहेत. मिस्त्री बाहेरून आणा, भट्टीपुढचा माणूस गावातलाच ठेवा.

चौलची_लेक | ८ ऑक्टोबर

पिझ्झा म्हणजे परका पदार्थ असं कोणाला वाटत असेल, म्हणून सांगते. चौल-रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. समोर कोर्लईत आजही घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. पाव हा शब्दच त्यांचा. आपली मिरची आणि इटलीचा टोमॅटो दोन्ही अमेरिकेतून समुद्रमार्गे आले, दोघांनाही आपापल्या घरी फार तर पाचशे वर्षं झालीत. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ साली चौलला उतरला होता. तेव्हा इटलीचं माणूस आपल्या बंदरात येणं नवीन नाही, त्यांच्या खाण्याला चारशे वर्षं उशीर झालाय. :)

सुपारीबागकाकांचं पाण्याचं आणि आवाजाचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे. त्यावर उत्तर द्यायलाच हवं.

पेडण्याहून | ९ ऑक्टोबर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे हरमल, मोरजी भागात लाकडाच्या भट्टीचा पिझ्झा बरीच वर्षं आहे; काही ठिकाणं इटलीहून आलेल्यांनीच सुरू केली. मी तशाच एका ठिकाणी चार हंगाम भट्टीवर होतो.

आधी पोदेराची गोष्ट. गोव्याचा पोदेर लाकडाच्या भट्टीत उंडे, पोळी, कांकणं भाजतो. पूर्वी पीठ माडाच्या सुरेवर फुगवायचे. मला भट्टी शिकवली ती एका म्हाताऱ्या पोदेराने, मालकाने नव्हे. मालकाला पीठ यायचं, आग यायची नाही.

किनाऱ्यावर खरी अडचण पिठाची. थंड देशात पीठ रात्रभर बाहेर ठेवतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात तेच पीठ चार तासांत डब्याबाहेर येतं आणि आंबट होऊन बसतं. यीस्ट अगदी कमी, पाणी थंडगार, आणि गोळे फ्रीजमध्ये २४ तास. वीज गेली की सगळं गेलं. आम्ही माशाच्या पेट्या बर्फ भरून तयार ठेवायचो. दमट हवेत मैदा आधीच ओल ओढून असतो, म्हणून पाणी मोजून एकदम ओतू नका, शेवटची वाटी हाताने अंदाज घेत घाला.

ताजं मोझरेला पाणी सोडतं. सकाळी कापून चाळणीवर ठेवा. पनीर घालू नका, ते वितळत नाही.

ठाणेकर_पण_अलिबागचा | ९ ऑक्टोबर

विषयांतर, पण राहवत नाही. "अलिबागसे आया है क्या" हे वाक्य ऐकत आम्ही मोठे झालो. त्यावर बंदी आणा म्हणून कोणीतरी २०१९ साली उच्च न्यायालयात गेलं होतं, याचिका फेटाळली गेली. मला वाटतं अशी भट्टी, असा पांढरा कांदा, अशी वाडी दाखवून "हो, अलिबागहून आलोय" म्हणायचे दिवस आलेत. पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. तो पिझ्झ्यावर घातलाच पाहिजे. तिखट नाही, गोडसर, जाळात भाजला की आणखी गोड होतो.

गुळपोळी | ९ ऑक्टोबर

कांद्याला माझं मत. मांदेलीला अजून नाही.

सुपारीबाग | १० ऑक्टोबर

सगळं वाचलं. माहिती चांगली जमली आहे. माझा प्रश्न तसाच आहे. सात टेबलं म्हणजे सात-आठ गाड्या. नागावचा रस्ता एका गाडीचा. समोरून एसटी आली की काय होतं ते तिथल्यांना विचारा.

वाडीतली | २६ फेब्रुवारी

मंडळी, चार महिन्यांनी धागा वर काढतेय. भट्टी झाली.

मिस्त्री पेणहून आणला, पावाच्या भट्ट्या बांधणारा. तोंड दहा इंच म्हटल्यावर त्याला पटेना, "हात कसा जाणार?" म्हणाला. भट्टीवाल्यांचा प्रतिसाद दाखवला, तेव्हा हसून म्हणाला, "लिहिणारा भट्टीतला दिसतोय."

घुमट पूर्ण झाल्यावर आठ दिवस रोज बारीक जाळ घातला. पहिल्या दिवशी नुसत्या करवंट्या. विटांच्या सांध्यांतून वाफ येत होती, तिला ओल्या मातीचा वास होता, पहिल्या पावसासारखा. पाचव्या दिवशी भावाला धीर निघाला नाही, त्याने ओंडका सारला आणि मागच्या बाजूला केसासारखा तडा गेला. मिस्त्रीने भरून दिला. तेव्हापासून भट्टीपुढे आई बसते.

हो, आई. पहिल्या दिवशी भावाचे चार पिझ्झे खालून काळे झाले आणि वरून पांढरे राहिले. आई पडवीतून बघत होती. उठून आली, भट्टीच्या तोंडाशी हाताचा तळवा धरला, आणि म्हणाली, "खाली जाळ जास्त आहे, वर धग नाही. निखारे इथून काढ, लाकूड तिकडे लाव. भाकरीला तवा तापला की विस्तव ओढतोस ना बाहेर?" त्याने ओढला. फरशीवर ओलं फडकं फिरवलं, दहा मिनिटं थांबलो. घुमट पांढरा होताना आम्ही तिघांनीही पहिल्यांदा पाहिला. पाचवा पिझ्झा नीट भाजला. कड फुगली तेव्हा आई म्हणाली, "पापुद्रा सुटला बघ." भाकरीला म्हणते तसंच.

पांढरा कांदा घातलाय. या महिन्यात नव्या कांद्याच्या वेण्या आल्या, एक भट्टीशेजारी टांगली आहे. मांदेलीचा पिझ्झा फक्त सांगून ठेवलेल्यांना. जानेवारीत दोनदा पोपटीही लावली, भट्टीत नाही, मागच्या अंगणात, कारण आईच्या मते मडकं मातीतच बसलं पाहिजे.

एकदा फजितीही झाली. एका शनिवारी दुपारी वीज गेली ती साडेतीन तास. बर्फाची पेटी भरलेली नव्हती. चाळीस गोळे फुगून एकमेकांना चिकटले. त्या रात्री पाहुण्यांना तसं सांगून आईचं जेवण वाढलं. पेडण्याहून, आता पेटी दर शुक्रवारी भरते.

गाड्यांचं: वाडीच्या आत नारळाखाली सहा गाड्या बसतात. तेवढीच टेबलं घेतो, फोन करून आलेल्यांचीच.

नापोलीत_सध्या | २६ फेब्रुवारी

"पापुद्रा सुटला बघ" वाचून डोळे भरले. आईंना नमस्कार सांगा.

शाकाहारी_पाहुणी | २७ फेब्रुवारी

आम्ही गेल्या महिन्यात जाऊन आलो, इथे सांगायचं राहून गेलं. तीन रात्री राहिलो. माझ्या सासूबाईंनी आयुष्यातला पहिला पिझ्झा खाल्ला, हाताने, आणि कडेचा तुकडा सोलकढीत बुडवून. तो प्रकार सुंदर लागतो, करून बघा.

सुपारीबाग | २८ फेब्रुवारी

मी रविवारी येऊन गेलो, ओळख दिली नाही. गाणी नव्हती. धूर थोडा होता, पूर्वेकडच्या घरावर जात होता, धुराडं आणखी तीनेक फूट वर न्या. गाड्या आत सहा होत्या, पण बाहेर रस्त्यावर दोन लागल्या होत्या. त्यांना आत जागा नसेल तर परत पाठवा, वाईट वाटून घेऊ नका.

मांडवाच्या मागे अर्धा तुकडा रिकामा आहे. आमच्याकडे पोफळीची दीड वर्षाची रोपं आहेत, वीस-पंचवीस. पावसाच्या तोंडावर आलात तर देतो. सावलीला आधी केळी लावून ठेवा, कोवळ्या पोफळीला दुपारचं ऊन सोसत नाही.

वाडीतली | २८ फेब्रुवारी

काका, येते. केळीचे मुनवे आई उद्याच काढते. धुराड्याचंही भावाला सांगितलं. पुढच्या वेळी ओळख द्या, आई रागावलीये की न सांगता गेलात.

भट्टीवाले, एक शेवटचं विचारायचंय. जून ते सप्टेंबर भट्टी पूर्ण बंद ठेवायची का? मांडव काढावा लागणार, वर ताडपत्री टाकू.

भट्टीवाला | १ मार्च

गिऱ्हाइकाला बंद ठेवा, पण भट्टीला थंड पडू देऊ नका. ताडपत्री घुमटाला चिकटवून बांधू नका, आत ओल कोंडते. चार बांबू रोवून वर पत्र्याचं तात्पुरतं छप्पर करा, बाजू मोकळ्या. आठवड्यातून एकदा दोन तास करवंट्यांचा बारीक जाळ घाला. तोंडावर लाकडी झाकण, धुराड्यावर टोपी. गणपतीनंतर सुरू करताना पुन्हा पहिल्यासारखाच आठवडाभर हळूहळू तापवा, एकदम नाही. भावाला विशेष सांगा. आणि या वर्षीचं लाकूड आत्ताच फोडून घ्या, मे महिन्यात माणसं मिळत नाहीत.